आधी कान, मग माइक

हौशी रेडिओच्या परीक्षेला बसणाऱ्यांचे वर्ग मी घेते, म्हणून 'हॅम' (स्वतःच्या रेडिओवरून दूरच्यांशी बोलणारी हौशी मंडळी) लायसन्सविषयी आलेली पत्रं संपादकांनी या वेळी माझ्याकडे सरकवली. बहुतेक पत्रं अगदी पहिल्या पायरीवरच्या मंडळींची आहेत. फी किती, फॉर्म कोणता, परीक्षा केंद्र कुठे, हे प्रश्न मी गाळले आहेत. ते देशागणिक वेगळं असतं आणि त्या त्या देशाच्या परवाना खात्याकडेच ताजं मिळतं. पत्रलेखकांची नावंही छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी हॅम रेडिओचं लायसन्स काढायचं म्हणते. घरात प्रत्येकाच्या हातात मोबाईल असताना याचा उपयोग काय? आणि इतक्या लहान वयात देतात का? (एक बाबा)

वयाचं आधी सांगते, ते सोपं आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वयाची अटच नाही. काही देशांत किमान वय ठरवलेलं असतं, पण चौदाव्या वर्षी सहसा अडचण येत नाही. नियमावलीत एकदा बघून घ्या.

उपयोगाचा प्रश्न मला दर वर्गात कुणी ना कुणी पालक विचारतातच. मोबाईलवर बोलताना टॉवर कुठे आहे, आवाज कुठून कसा गेला, याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. हॅमला ते सगळं स्वतः जुळवावं लागतं आणि तीच यातली मजा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांत या सेवेची व्याख्याच तशी केली आहे : स्वतः शिकणं, आपसांत संपर्क साधणं आणि तांत्रिक शोध घेणं, तेही आर्थिक लाभाशिवाय. रेडिओ वापरणाऱ्या इतरांना ठरावीक, मान्यताप्राप्त यंत्रंच वापरावी लागतात. हॅमला मात्र ट्रान्समीटर स्वतः बांधून त्यावरून बोलायची मुभा असते. एवढी मोठी मोकळीक द्यायची, म्हणून आधी परीक्षा.

मुलीला एक गोष्ट सांगा. १९१२ च्या कायद्याने अमेरिकेतल्या हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून छोट्या लहरींवर ढकललं, कारण त्या काळी त्या लांब पल्ल्याच्या कामाला निरुपयोगी समजल्या जात. याच मंडळींनी नोव्हेंबर १९२३ मध्ये साधारण ११० मीटरवर अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात दोन्ही बाजूंनी संभाषण करून दाखवलं. त्यानंतर त्या 'निरुपयोगी' लहरींसाठी सगळ्यांचीच झुंबड उडाली.

फॉर्म भरायच्या आधी तिला महिनाभर नुसतं ऐकू द्या. यंत्र घ्यायचीही गरज नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा एक रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे, 'वेबएसडीआर' या नावाने तो सापडतो. ब्राउझर उघडायचा, तिथली संध्याकाळ असेल तेव्हा ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास जायचं आणि मोड 'एलएसबी' ठेवायचा (आवाज पाठवण्याच्या दोन प्रकारांपैकी एक). १४.२ मेगाहर्ट्झवर गेलात तर दुसरा, 'यूएसबी' (संगणकाच्या यूएसबीशी याचा संबंध नाही). १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी, असा हॅममंडळींचा रिवाज आहे. सुरुवातीला माणसं बदकासारखी बोलताना ऐकू येतील. फ्रिक्वेन्सी अगदी हळू सरकवत नेली की तोच आवाज माणसाचा होतो. हे बोटाला कळायला दोन-तीन बैठका लागतात.

एक वहीही द्या तिला. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, ऐकू आलेली कॉल साइन, म्हणजे प्रत्येक हॅमची अक्षर-आकड्यांची अधिकृत ओळख. वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, लिहायची सवय आत्ताच लागू दे, पुढे लॉग (संभाषणांची नोंदवही) त्यातच ठेवायचा असतो. वहीची चार पानं भरली आणि पाचवं सुरू करताना कंटाळा आला नाही, तर खुशाल फॉर्म आणा.

प्रश्न : मी निवृत्त ग्रंथपाल. शिक्षण कला शाखेचं. अभ्यासाचं पुस्तक उघडलं आणि सूत्रं बघून मिटलं. माझ्यासारख्याला हे जमेल का? (एक ग्रंथपाल)

जमेल. आणि सूत्रांची भीती ही ती किती आहेत याची भीती असते. प्रत्यक्षात पहिल्या पायरीला लागणारी सूत्रं एका पोस्टकार्डावर मावतात. माझ्या वर्गात मी तीच आधी फळ्यावर लिहिते आणि बाकीचं पुस्तक बाजूला ठेवायला लावते.

पहिलं, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. हॅमचा नेहमीचा १०० वॅटचा सेट १३.८ व्होल्टवर चालतो आणि ट्रान्समिट करताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो. गुणाकार करा, २७६ वॅट झाले. अँटेनाकडे जातात १०० आणि उरलेल्यांची बहुतेक उष्णता होते. सेटच्या पाठीला पंखा का असतो, हे तुम्हाला आता कुणी सांगायला नको. पातळ वायर का चालत नाही, हेही यातूनच येतं.

दुसरं, ओहमचा नियम : व्होल्ट भागिले रोध म्हणजे अँपिअर. परीक्षेत यावर येणारं गणित बहुधा तोंडी सुटतं.

तिसरं माझं लाडकं. ३०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ४२ मीटर येतात, म्हणून त्या पट्ट्याला 'चाळीस मीटर' म्हणतात. १४५ ला दोन मीटर आणि काही सेंटिमीटर येतात, तो 'दोन मीटर' बँड. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, त्यातूनच हे ३०० आलं आहे. हे एक सूत्र पक्कं झालं की बँडांची नावं पाठ करावी लागत नाहीत आणि अँटेनाच्या लांबीचा अंदाजही येतो.

चौथं डेसिबल, म्हणजे पॉवर किती पट झाली ते सांगायचं माप. याने भलेभले इंजिनिअर गडबडतात, तेव्हा तुम्ही निवांत राहा. पहिल्या परीक्षेपुरत्या दोनच खुणा लक्षात ठेवा : ३ डेसिबल वाढले म्हणजे पॉवर दुप्पट, १० वाढले म्हणजे दहापट. मग १३ म्हणजे? दहापटीची दुप्पट, वीसपट. झालं.

उरलेला अभ्यासक्रम वाचनाचा आहे : नियम, सुरक्षा, संभाषणाची पद्धत, लहरी कशा प्रवास करतात. ग्रंथपाल माणसाला वाचनाची काळजी असू नये. लहरींच्या प्रवासाचा भाग तर तुम्हाला आवडेलच. वातावरणाच्या वरच्या भागात आयनांचे थर असतात. दिवसा खालचा डी थर चाळीस मीटरच्या लहरी बऱ्याच शोषून घेतो आणि गप्पा काहीशे किलोमीटरांत अडकतात. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या एफ थरापर्यंत पोचून परत वळतात आणि त्याच पट्ट्यावर हजारो किलोमीटर दूरची माणसं येऊ लागतात. हे पुस्तकात वाचा आणि त्याच दिवशी दुपारी एकदा, रात्री एकदा ऐका. परीक्षेत तो प्रश्न कसाही फिरवून आला तरी चुकणार नाही.

प्रश्न : सराव चाचण्यांचे प्रश्न पाठ केले तर पास होता येतं, असं मित्र म्हणतो. मग पुस्तक कशाला? (एक विद्यार्थी)

मित्र खोटं बोलत नाही. अमेरिकेत पहिल्या 'टेक्निशियन' परीक्षेत ३५ प्रश्न असतात, २६ बरोबर आले की पास, आणि ते ज्या संचातून निघतात तो संच उत्तरांसकट आधीच जाहीर केलेला असतो. पाठांतर करून पास होणारे पुष्कळ आहेत. त्यांतले कितीतरी पहिल्या सेटचा प्लग लावताना कुणाला तरी फोन करतात. तो फोन पुष्कळदा मलाच येतो, म्हणून माझं मत जरा तिखट आहे.

तुला पाठच करायचं असेल तर नियमांचा भाग कर. कोणत्या बँडची हद्द कुठे संपते, कॉल साइन किती वेळाने सांगायची, यात समजण्यासारखं काही नसतं, ते लक्षातच ठेवावं लागतं. तांत्रिक प्रश्नांना मात्र माझी पद्धत वापरून बघ. बरोबर पर्यायावर खूण केलीस की थांब आणि उरलेले तीन चूक का आहेत, ते मोठ्याने सांग. सांगता आलं नाही तर तेवढाच धडा उघड. अशाने वेग मंदावतो, पण पुस्तकाची जेवढी पानं खरंच लागतात तेवढीच वाचली जातात.

सुरक्षेचा एकही प्रश्न नशिबावर सोडू नकोस. विजेच्या तारेजवळ अँटेना उभारू नये, पॉवर सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) भार उरतो, वादळ यायच्या आधी केबल सोडवून ठेवावी. ही उत्तरं चुकली तर गुण तर जातातच, पुढे जीवही जाऊ शकतो.

प्रश्न : मोर्स यावं लागतं का? माझ्या काकांनी त्याच धास्तीने परीक्षा दिली नव्हती. (एक पुतणी)

काकांच्या काळात धास्ती रास्त होती. ३० मेगाहर्ट्झच्या खाली बोलायचं तर मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतलिपीची, परीक्षा आंतरराष्ट्रीय नियमानेच बंधनकारक होती. २००३ मध्ये जिनिव्हाला झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने ती अट काढली आणि निर्णय प्रत्येक देशावर सोपवला. अमेरिकेने २००७ मध्ये मोर्स पूर्ण वगळलं. काही देशांत वरच्या वर्गासाठी ते अजून आहे. सुरुवातीच्या लायसन्सला लागतं का, हे तुमच्या नियमावलीत दोन मिनिटांत सापडेल. काकांनाही सांगा, वेळ गेलेली नाही.

सक्ती नसली तरी मी म्हणेन, शिका. मोर्सचा संदेश हवेत जेमतेम दीडशे हर्ट्झची जागा घेतो, बोलण्याला अडीच-तीन हजार लागतात. तेवढ्याशा जागेत सगळी ताकद एकवटते, म्हणून छोटासा सेट आणि साधी तारही फार लांब पोचते.

शिकताना टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर लावू नका. तक्त्याने शिकलेला माणूस प्रत्येक अक्षर मनात मोजतो आणि मिनिटाला आठ-दहा शब्दांवर अडकून पडतो. कोख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाची पद्धत उत्तम आहे : फक्त दोन अक्षरांपासून सुरुवात, सहसा के आणि एम, पण सुरुवातीपासून पूर्ण वेगाने. 'डा-डि-डा' आणि 'डा-डा'. शंभरातली नव्वद ओळखता आली की तिसरं अक्षर. रोज पंधरा मिनिटं पुरे. रविवारी एकदम दोन तास बसणाऱ्यांचं मी काही होताना पाहिलेलं नाही.

प्रश्न : मी एक वॉकीटॉकीसारखा हँडहेल्ड सेट मागवला. बटण दाबून बराच वेळ 'हॅलो हॅलो' केलं, कुणी उत्तर देत नाही. सेट खराब आहे का? (एक उत्साही वाचक)

सेट बहुधा ठणठणीत आहे. लायसन्स आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, तेव्हा नाही असं धरते. मग ते बटण आजपासून बंद. लायसन्सशिवाय ट्रान्समिट करणं गुन्हा आहे, आणि कित्येक देशांत असा सेट विकत घ्यायला किंवा जवळ बाळगायलाही परवाना लागतो. तसा नियम तुमच्याकडे असेल तर आधी ते निस्तरा. शिवाय हे सेट हॅम बँडच्या बाहेरही ट्रान्समिट करू शकतात. तुम्ही 'हॅलो हॅलो' नेमकं कुणाच्या चॅनेलवर केलंत, ते तुम्हाला माहीत नाही. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

लायसन्स आल्यावरही नुसत्या 'हॅलो'ला कुणी उत्तर देणार नाही, हेही सांगून ठेवते. हॅम कॉल साइन ऐकून उत्तर देतात.

पल्ल्याचं गणित बघा. दोन मीटर बँडच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. क्षितिजापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये हवं असेल तर अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. तुमच्या हातातला सेट दीड मीटरवर, म्हणजे पाच किलोमीटर. समोरच्याचंही तेवढंच. म्हणजे सपाट मोकळ्या मैदानात फार तर दहा, आणि मध्ये इमारती आल्या की दोन-तीनच. म्हणूनच रिपीटर असतो : उंच जागी बसवलेलं यंत्र, जे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने बोलतं. त्याची अँटेना १०० मीटरवर असेल तर त्याचं क्षितिज ४१ किलोमीटरवर जातं.

या रिपीटरवर नव्या माणसाचा आवाज न पोचण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक, ऑफसेट चुकलेला. दोन मीटरवर ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत सहसा ६०० किलोहर्ट्झचा फरक ठेवतात. तो अधिक की उणे, हे सेटला सांगावं लागतं. दुसरं म्हणजे टोन. पुष्कळ रिपीटर तुमच्या आवाजाखाली एक बारीक घुमारा मागतात, ८८.५ हर्ट्झसारखा, जो ऐकणाऱ्याच्या कानाला जाणवू दिला जात नाही. तो नसेल तर रिपीटर दारच उघडत नाही. सेटच्या मेनूत तो 'सीटीसीएसएस' नावाने दडलेला असतो. परीक्षा होईपर्यंत, जवळ बाळगायला हरकत नसेल तर, हा सेट फक्त ऐकायला वापरा. जवळच्या रिपीटरवर कोण कधी येतं, बोलणं कसं सुरू करतात, मध्ये किती थांबतात, सगळं कानावर पडेल.

प्रश्न : आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. गच्चीवर काही लावायला सोसायटी परवानगी देणार नाही. बाल्कनीतून लांबचं बोलता येईल का? (बाल्कनीवाले)

येईल, अपेक्षा थोड्या आवरल्या तर. आधी मोकळ्या जागेत काय करतात ते सांगते, म्हणजे तुम्ही कशात काटकसर करताय ते कळेल. सगळ्यात साधी आणि सगळ्यात प्रामाणिक अँटेना म्हणजे अर्ध्या लहरीचा डायपोल. १४३ भागिले मेगाहर्ट्झ केलं की एकूण तार किती मीटर हवी ते मिळतं. ७.१ ला वीस मीटर, १४.२ ला दहा, २८.५ ला पाच. बरोबर मध्ये कापायची, तिथे ५० ओहमची केबल जोडायची. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, घरात पडली आहे म्हणून तीच ओढू नका.

आता बाल्कनी. वीस मीटर तार तिथे मावणार नाही, पण २८ मेगाहर्ट्झची पाच मीटरची तार तिरकी, वाकडी, टोकं खाली सोडून बसवता येते. हा 'दहा मीटर' बँड सूर्याच्या साधारण अकरा वर्षांच्या चक्रावर नाचतो. सूर्यावर डाग भरपूर असतील तेव्हा पाच-दहा वॅटवर समुद्रापार बोलणं होतं, डाग ओसरले की दिवसच्या दिवस सामसूम. दुसरा मार्ग मॅग्नेटिक लूप : मीटरभर व्यासाचं तांब्याच्या नळीचं कडं आणि एक कपॅसिटर. जागा कमी लागते, पण त्या कपॅसिटरवर थोड्या वॅटलाही शेकडो व्होल्ट उभे राहतात आणि थोडीशी फ्रिक्वेन्सी बदलली की परत जुळवणी करावी लागते. ट्रान्समिट करताना त्याच्याजवळ कुणी उभं राहू नये. मुलं बाल्कनीत खेळत असतील तर लूपचा विचार सोडा.

कोणतीही तार आधी थोडी लांबच कापा. एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) मोजा, सगळ्यात कमी आकडा हव्या त्या फ्रिक्वेन्सीच्या खाली येत असेल तर तार लांब आहे, दोन्ही टोकांनी सारखी कमी करत जा. १.५ आला की मोजणं थांबवून बोलायला लागा. पुष्कळ जण १.१ साठी दोन आठवडे घालवतात. डमी लोडचा (चाचणीसाठी अँटेनाऐवजी लावतात तो रोध) एसडब्ल्यूआर १ असतो आणि त्यातून शेजारच्या खोलीतही धड काही जात नाही, एवढं त्यांना आठवण करून द्यावंसं वाटतं.

आणि केबल आखूड ठेवा. आरजी-५८ जातीची पातळ केबल वीस मीटर वापरलीत तर दोन मीटर बँडवर निम्म्याहून जास्त पॉवर केबलमध्येच विरते. चाळीस मीटर बँडवर तीच केबल फारशी त्रास देत नाही.

आता खरी अडचण. इमारतीत ऐकण्याचे हाल असतात. एलईडी दिवे, चार्जर, लिफ्टची मोटर, सगळे मिळून रिसीव्हरमध्ये करकर भरतात. तुमचा आवाज पोचेल, पण समोरचा तुम्हाला ऐकू येणार नाही. अँटेना लावायच्या आधी बॅटरीवर चालणारा शॉर्टवेव्ह रिसीव्हर घेऊन बाल्कनीच्या प्रत्येक कोपऱ्यात उभे राहा. जिथे करकर सगळ्यात कमी, तिथे अँटेना. घरातला एकेक चार्जर काढून बघा, दोषी एखादाच निघतो.

प्रश्न : लायसन्स मिळालं, सेटही आला, पण माइक हातात घेतला की घशाला कोरड पडते. पहिल्यांदा काय बोलायचं? (गप्प बसलेला)

अभिनंदन. घशाची कोरड बहुतेकांना पडते. काय बोलायचं हे ठरलेलं असतं, म्हणून घाबरण्याला तशी जागा कमी आहे.

पहिल्यांदा स्वतः 'सीक्यू', म्हणजे 'कुणीही उत्तर द्या' अशी हाक, देऊ नका. दुसऱ्या कुणी दिलेल्या सीक्यूला उत्तर द्या. त्याचं बोलणं संपलं की फक्त तुमची कॉल साइन, एकदा, अल्फा-ब्राव्होच्या वर्णमालेत. पुढचं तोच चालवेल. तो तुम्हाला सिग्नलचा अहवाल देईल, उदाहरणार्थ 'फाइव्ह नाइन'. पहिला आकडा शब्द किती कळले याचा, एक ते पाच. दुसरा सिग्नलच्या जोराचा, एक ते नऊ. तुम्ही त्याला त्याचा अहवाल, तुमचं नाव आणि गाव सांगायचं. शेवटी 'सेव्हन्टी थ्री', म्हणजे शुभेच्छा. एका कागदावर हे उतरवून समोर ठेवा, त्यात स्वतःचं नावही लिहा. हसू नका, पहिल्या वेळी लोक ते विसरतात.

अहवाल खरा द्या. स्पर्धांमध्ये सगळे सगळ्यांना फाइव्ह नाइनच देतात आणि लगेच 'कॉल साइन पुन्हा सांगा' म्हणतात. तो गमतीचा भाग झाला. एरवी समोरच्याला त्या आकड्यावरून स्वतःची अँटेना कशी चालते ते कळत असतं.

स्वतः सीक्यू द्यायची वेळ आली की आधी ऐका. मग फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का, असं विचारा, थांबा, पुन्हा विचारा. तुम्हाला ऐकू न येणारा माणूस तिथे बोलत असू शकतो. त्याच्याशी बोलणारा तुम्हाला 'आम्ही आहोत' म्हणेल.

प्रश्न : माझा ट्रेकिंगच्या सहली नेण्याचा व्यवसाय आहे. मी लायसन्स काढून गटातल्या सगळ्यांना सेट दिले तर चालेल ना? (एक आयोजक)

नाही. तुमचं लायसन्स तुमच्यापुरतं, गटातल्या बाकीच्यांना ते लागू नाही, आणि या सेवेत व्यवसायाचं काम चालत नाही. बहुतेक देशांत कमी पॉवरचे, परवाना न लागणारे वॉकीटॉकी मिळतात, तुमचं काम त्यांनी होईल. गाणी लावणं आणि अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषेत बोलणंही हॅमला मना आहे, हे जाता जाता.

प्रश्न : सुरुवातीच्या लायसन्सवर पॉवर कमी, बँड मोजके. एवढ्याशा गोष्टीसाठी परीक्षा देण्यापेक्षा थेट वरची का देऊ नये? (घाईतली इंजिनिअर)

मुभा असेल तर द्या. अमेरिकेत एकाच बैठकीत तिन्ही पायऱ्यांच्या परीक्षा देता येतात. पण 'एवढ्याशा'ला माझी हरकत आहे. अमेरिकेच्या टेक्निशियनला ३० मेगाहर्ट्झच्या वरचे सगळे हॅम बँड खुले असतात, फक्त त्याखाली बोलायला २८.३ ते २८.५ एवढीच जागा मिळते. जर्मनीने २०२४ मध्ये सुरू केलेल्या 'एन' वर्गाला तर १० वॅटच्या आसपासच मर्यादा आहे. तरी उपग्रहांवरून बोलणं यात बसतं. १९६१ मध्ये हौशी मंडळींनी बांधलेला पहिला उपग्रह, ऑस्कर-१, वरून फक्त मोर्समध्ये 'हाय' म्हणत होता. आज आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा आवाज १४५.८ मेगाहर्ट्झवर साध्या हँडहेल्डवर येतो.

पॉवरचं म्हणाल तर १४.१ मेगाहर्ट्झवर जा, मोड सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचा. जगभर पसरलेली १८ बीकन केंद्रं (ठरावीक संकेत आपोआप पाठवणारी) तिथे पाळीपाळीने दहा-दहा सेकंद येतात आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. प्रत्येक केंद्र १०० वॅटवर आपली कॉल साइन पाठवतं, मग चार लांब रेघा : १०० वॅट, १० वॅट, १ वॅट आणि शेवटची एक दशांश वॅट. परिस्थिती चांगली असेल तर हजारो किलोमीटर दूरच्या केंद्राची तिसरी रेघ स्वच्छ ऐकू येते, कधी चौथीही. हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं की १०० वॅटच्या सेटसाठी जीव टाकणं कमी होतं.

कानालाही न ऐकू येणारे सिग्नल पकडायचे असतील तर एफटी८ हा संगणकाने चालणारा मोड आहे. २०१७ मध्ये तो पुढे आणणाऱ्या दोघांपैकी जो टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते, पल्सर नावाच्या ताऱ्यांवर काम करणारे. त्यांचीही कॉल साइन आहे, के१जेटी. माझं त्याबाबतचं मत मात्र जुनाट आहे : दोन संगणक पंधरा-पंधरा सेकंदांनी एकमेकांना आकडे पाठवतात, ते बघण्यात मला करमत नाही. अँटेना कुठवर पोचते ते तपासायला झकास.

प्रश्न : मला दिसत नाही. परीक्षा आणि सेट दोन्ही झेपतील का? (एक वाचक, पत्र मुलाने लिहिलं)

दोन्ही झेपतील. हौशी रेडिओत दृष्टिहीन मंडळी पूर्वीपासून आहेत आणि वर्गात मी पाहिलं आहे, गोंगाटातून कॉल साइन वेचण्यात ती इतरांच्या पुढे असतात. फ्रिक्वेन्सी बोलून सांगणारे सेट मिळतात. परीक्षेला वाचून दाखवणारा माणूस मिळण्याची सोय अनेक देशांत आहे, पण अर्जासोबतच तसं कळवा, आयत्या वेळी नको. आकृत्यांच्या प्रश्नांना काय पर्याय देतात, तेही त्याच पत्रात विचारा. सोल्डरिंग आणि अँटेना चढवण्याचं काम मुलाला द्या. त्यालाही परीक्षेला बसवा.

प्रश्न : लायसन्स यायच्या आधी मित्राच्या सेटवरून, तो शेजारी बसलेला असताना, बोललं तर? (घाईतला)

काही देशांत लायसन्सधारक शेजारी बसून सगळं स्वतःच्या ताब्यात ठेवणार असेल तर त्याच्या कॉल साइनवर दोन शब्द बोलू देतात, काही देशांत अजिबात नाही. परदेशातल्या स्टेशनशी बोलायचं तर समोरच्या देशाचा नियमही आड येऊ शकतो. नियमावलीत 'तिसऱ्या व्यक्तीचे संदेश' या नावाचं कलम शोधा. मित्रालाही वाचायला लावा, कारण चूक झाली तर लायसन्स त्याचं जाईल. त्या कलमावर परीक्षेत प्रश्न येतो.